सू ग्राफ्टन यांची रहस्यकथा-मालिका ‘झेड’पर्यंत का पोहोचली नाही?

या अमेरिकन लेखिकेच्या मालिकेत इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने, ‘ए’पासून, एकेका अक्षराच्या नावाची एकेक कादंबरी आहे. थोडक्यात सांगायचं तर, ‘झेड’ लिहून होण्याआधीच त्या गेल्या. ‘वाय’ची कादंबरी ऑगस्ट २०१७ मध्ये आली आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला कर्करोगाने त्यांचं निधन झालं. दुसऱ्याकडून कादंबऱ्या लिहून घेणं किंवा त्यांवर सिनेमा काढू देणं त्यांना अजिबात मंजूर नव्हतं. टीव्ही-मालिकेचे हक्क कुटुंबाने पुढे २०२१ मध्ये विकले, पण दुसऱ्याकडून लिहून न घेण्याची इच्छा पाळली आणि ‘आमच्यापुरती मुळाक्षरं वायवरच संपली’ असं मुलीने जाहीर केलं. मला हा निर्णय फार योग्य वाटतो.

केंटकीत १९४० साली जन्मलेल्या सू यांचे वडील वकील होते आणि रहस्यकथाही लिहीत. मालिकेआधी सू यांच्या दोन कादंबऱ्या आल्या होत्या, पण पोट भरलं ते टीव्ही-सिनेमाच्या पटकथांवर. त्या कामाचा त्यांना मनस्वी कंटाळा होता, म्हणून तर सिनेमाला नकार! घटस्फोटानंतर मुलांच्या ताब्यावरून कोर्टकज्जा सुरू असताना नवऱ्याला विष घालण्याचे विचार त्यांच्या मनात येत. ते सगळं त्यांनी कागदावर उतरवलं. १९८२ च्या ‘ए इज फॉर अॅलिबाय’मध्ये एका वकिलाच्या अॅलर्जीच्या कॅप्सूलमध्ये औषधाऐवजी कण्हेरीची पूड भरलेली असते.

नायिका किन्सी मिलहोन ही खासगी गुप्तहेर. पस्तीस वर्षांत पंचवीस पुस्तकं आली, तरी किन्सी बत्तिशीतून जेमतेम चाळिशीच्या उंबरठ्यावर येते. कथा १९८० च्या दशकातच राहते, त्यामुळे मोबाइल नाही, इंटरनेट नाही. माहिती काढायची ती दारोदार फिरून. सुरुवात ‘ए’पासूनच करा.