निरोपाचे विनोदी भाषण प्रथमच लिहिणाऱ्यास

शेवटच्या वर्गाच्या वतीने धाकट्या विद्यार्थ्यांचा हसतखेळत निरोप घेण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, तेव्हा हसू शक्यतो स्वतःवर ओढवून घे. मागच्या बाकावर बसून आपण काय दिवे लावले हे सांगितले की सभागृह आपले होते. मात्र एखाद्याच्या तोतरेपणावर किंवा नापास होण्यावर कोटी केली, तर शेजारचे हसतात आणि तो मुलगा मान खाली घालतो. माझ्या पहिल्या भाषणात मी हीच चूक केली होती, आणि तिसऱ्या रांगेतली ती खाली गेलेली मान मला व्यासपीठावरून स्पष्ट दिसली होती.

विनोद मोघम नको. ‘शाळेत खूप मजा केली’ या वाक्याला कोणी हसत नाही. पण ‘कर्कटकाने बाकावर कोरलेले माझे नाव मी वारसाहक्काने तुमच्या स्वाधीन करीत आहे, त्यातील शुद्धलेखनाची चूक मात्र कोणी दुरुस्त करू नये’ असे मृत्युपत्राच्या थाटात वाचले की हशा पिकतो. हे रूप नवशिक्याला फार सोयीचे पडते, कारण त्यात दुवे जुळवत बसावे लागत नाही. झिजलेले डस्टर, खिडकीजवळची जागा, उशिरा येण्याच्या जुन्या सबबी, जे सुचेल ते एकामागून एक वाटत जाता येते.

शिक्षकांच्या लकबींची नक्कल करायची असल्यास त्यांना आधी विचार. पाच मिनिटांपुढे जाऊ नकोस. हशा चालू असताना पुढचे वाक्य रेटलेस तर ते कोणालाच ऐकू जाणार नाही, आणि एखादा विनोद पडलाच, तर तो समजावून सांगण्याच्या फंदात न पडता सरळ पुढच्या वस्तूकडे वळ.