गोळ्या संपल्या, हात अजून दुखतोच

प्रश्न : ताई, मी 46 वर्षांची, अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात राहते. जूनमध्ये मागच्या अंगणातलं तण उपटलं. जुलैत चार दिवस ताप आला, तो फ्लू समजून अंगावर काढला. ऑगस्टपासून उजवा खांदा ते कोपर असं ठणकायचं की रात्री उठून बसायचे. एक्स-रे स्वच्छ. 'फ्रोझन शोल्डर' म्हणून व्यायाम दिले, त्यानं दुखणं वाढलंच. ऑक्टोबरमध्ये चूळ भरताना ओठाच्या कडेनं पाणी गळलं. तोंड वाकडं झालेलं. मग रक्त तपासलं, गोचीड चावून होणारा लाइम रोग निघाला. तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतलं. चेहरा सरळ झाला, हाताचं दुखणं दोन महिन्यांनीही आहे. परवाचं रक्त पुन्हा पॉझिटिव्ह. मैत्रीण म्हणते, शिरेतून महिनोन्महिने अँटिबायोटिक घे. नवरा म्हणतो, मनाचे खेळ. पोळ्या लाटवत नाहीत, ते मनाचं कसं?

उत्तर : मनाचं नाही. मी याच राज्यात तीस वर्षं दवाखाना चालवला आणि माझाच खांदा धरला तेव्हा भारतातून आणलेल्या बॅगांना दोष देत पाच आठवडे काढले. निघाला लाइमच. त्याचा लाल चट्टा पाठीवर होता, मला दिसणार कसा?

लाइमचे जंतू कधी कधी मणक्यातून निघणाऱ्या नसांच्या मुळाशी दाह करतात. दुखतो खांदा आणि बिघाड असतो मानेपाशी, म्हणून खांद्याच्या एक्स-रेत काही सापडत नाही. रात्री वाढणारी आग आणि जोडीला वाकडं तोंड, हे वर्णन त्याच्याशी जुळतं. जंतू मेले तरी दुखावलेली नस आपल्या सवडीनं बरी होते, त्यात महिने जातात.

रक्ताच्या कागदाची धास्ती सोडा. ती तपासणी जंतू मोजत नाही, त्यांच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं बघते, आणि ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं राहू शकतात. मैत्रिणीचा सल्ला प्रेमापोटी असेल, पण ऐकू नका. उपचारानंतरही त्रास उरलेल्यांना 90 दिवस अँटिबायोटिक देऊन पाहिलं होतं. 2001 साली निष्कर्ष आले, तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या खोट्या डोसापेक्षा फायदा काही जास्त नव्हता. शिरेतल्या नळीतून जंतुसंसर्ग होतो, रक्ताची गुठळी होते, ते वेगळंच.

न्यूरॉलॉजिस्टकडे जा. साध्या वेदनाशामकांनी नसेचं दुखणं फारसं हलत नाही. त्याच्या गोळ्या वेगळ्या, रात्री थोड्या मात्रेनं सुरू करतात. झोपताना हाताखाली उशी घ्या, खांदा लोंबकळू देऊ नका. तेलानं रगडून घेऊ नका (सासूबाई आग्रह करतीलच). दुखेपर्यंत ताणू नका. पुढे वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल हलवा, दोन मिनिटं, दिवसातून तीनदा. पोळ्या दोन लाटा, थांबा. उरलेल्या नवऱ्याला लाटू द्या, मनाचे खेळ त्यालाही कळतील.

आणि वही ठेवा : कधी दुखलं, काय केलं होतं, झोप किती. या रोगाचा शोध अशाच टिपणांनी लागायला मदत झाली. कनेक्टिकटमधल्याच लाइम गावच्या पॉली मरे या आईनं घरच्यांच्या दुखण्यांची नोंद ठेवली आणि 1975 साली राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला. तिलाही आधी डॉक्टरांनी मनाचंच म्हटलं होतं.

हाताची ताकद कमी झाली, पाठीचं फरं (खांद्यामागचं चपटं हाड) बाहेर आलं किंवा गुडघा सुजला तर लगेच दाखवा. छातीत धडधड, चक्कर, दम लागणं असेल तर वाट न पाहता 911 या तातडीच्या नंबरला फोन करा.

लाइम एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. तेव्हा येत्या जूनमध्ये पायमोजे पँटवर ओढून तण काढा आणि आल्यावर काखा, केसांची मुळं, गुडघ्यामागची घडी तपासा. गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. सापडलं तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल नको, पेटती काडी नको.