आईची बोटं सकाळी आखडतात, पण आरए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह आहे. तरीही संधिवात असू शकतो का?

हो, असू शकतो. आईचं वय 46, दोन महिने दोन्ही हातांची बोटं सकाळी वळत नाहीत, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून फक्त कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत, असं तुम्ही लिहिलंय. आमवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात) दर चार-पाच रुग्णांत एकाचा तरी आरए फॅक्टर निगेटिव्ह असतो. उलट काही धडधाकट माणसांत, उतारवयात तर जास्तच, तो पॉझिटिव्ह निघतो. त्या एका कागदावर निर्णय घेऊ नका, आईच्या हातांकडे बघा.

पहिला प्रश्न वेळेचा. उठल्यापासून बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो? झिजेच्या संधिवातात पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात सांधा सुटतो आणि दिवसभराच्या कामाने दुखणं वाढतं. आमवातात तासभर किंवा त्याहून जास्त ताठरपणा राहतो आणि हात वापरात आले की उलट बरं वाटू लागतं. सकाळी कणीक मळता येत नाही, दुपारी तेच काम जमतं, असं असेल तर ही महत्त्वाची खूण समजा.

दुसरा, कोणते सांधे? आमवात बहुधा बोटांच्या मुळाशी, मधल्या पेरांत, मनगटात आणि पायाच्या चवड्यात येतो, दोन्ही बाजूंना. नखाजवळचा शेवटचा सांधा तो सहसा सोडतो. तिथे टणक गाठी असतील तर झीज असण्याची शक्यता जास्त. तिथेच सूज असून नखांवर बारीक खड्डे किंवा अंगावर सोरायसिसचे (खवले सुटणाऱ्या त्वचारोगाचे) चट्टे असतील तर सोरायसिसचा संधिवात.

घरी एक तपासणी करा. हस्तांदोलनात हात जिथे दाबला जातो तिथे, तर्जनीपासून करंगळीपर्यंतच्या बोटांची मुळं दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. नेहमीच्या दाबानेही कळ आली तर आत सूज असू शकते. सुजलेला सांधा बोटाला मऊ, फुगीर लागतो, हाडासारखा टणक लागत नाही. अंगठी किंवा बांगड्या अलीकडे घट्ट होऊ लागल्यात का, तेही विचारा. सकाळच्या सुजेचे फोटो काढून ठेवा, कारण दुपारी दवाखान्यात पोचेपर्यंत ती उतरलेली असू शकते. सोबत थकवा, कणकण, वजन घटणं, रात्री बोटांना मुंग्या येणं असेल तर तेही लिहून ठेवा. गेल्या काही महिन्यांत चिकुनगुन्या झाला असेल तर नक्की सांगा, कारण त्यानंतर महिनोन्महिने राहणारी सांधेदुखी हुबेहूब अशीच दिसते.

सूज सहा आठवड्यांहून जास्त टिकली असेल तर थांबू नका, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे) न्या. ईएसआर, सीआरपी (या दोन्हींतून शरीरातली सूज कळते) आणि अँटी-सीसीपी (आमवाताची आणखी एक खूण) या रक्ततपासण्या बहुधा सांगितल्या जातील. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असू शकतो, त्यावर निर्धास्त होऊ नका. हाडं खाल्ली गेल्याचं एक्स-रेवर दिसेपर्यंत जे नुकसान होतं ते भरून येत नाही, म्हणूनच मला ही घाई आवश्यक वाटते. वेदनाशामक गोळ्यांनी दुखणं दबतं, पण आमवाताने होणारं सांध्यांचं नुकसान चालूच राहतं, शिवाय पोट आणि मूत्रपिंड यांना त्रास होतो. दोन दिवसांत जादूसारखा गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून तर दूरच राहा, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं, तर ती गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकतं. तो वार पाकिटावर पेनाने ठळक लिहून ठेवा.

आणि कधीही एकच सांधा अचानक लालबुंद, गरम होऊन ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात जा. सांध्यात पू झाला असेल तर सांधा काही दिवसांतच कायमचा निकामी होऊ शकतो.