रॅक हलवण्याआधी मोजा
दोन आठवडे नुसती मोजणी करा. दर तासाला दुकानात किती जण आले आणि बिलं किती फाटली, एवढंच. 80 जण येऊन 20 बिलं होत असतील तर चारातला एकच घेतोय. गर्दी आहे पण बिलं नाहीत, तर दोष बहुधा मालात, साइझमध्ये किंवा काउंटरवरच्या रांगेत असतो; जाहिरात वाढवून तो जात नाही. त्याच तक्त्यावरून कामगारांच्या पाळ्याही लावा.

काउंटरवर एक वही हवी: गिऱ्हाईकाने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं ते तिच्यात. विक्रीचा अहवाल हे दाखवत नाही, कारण न झालेल्या विक्रीचं बिल निघत नाही.

दारापासूनची पहिली दीड-दोन मीटर जागा मोकळी सोडा. आत शिरणारा माणूस तिथे फारसं पाहत नाही. जास्त खपवायचा माल जमिनीपासून 120 ते 150 सेंटिमीटरवर, मुलांचा अर्थातच खाली. वाट 90 सेंटिमीटरपेक्षा अरुंद झाली की व्हीलचेअर अडकू शकते, आणि मागून धक्के लागले की लोक वस्तू न बघताच पुढे सरकतात. जमलं तर वाट 120 सेंटिमीटर ठेवा. ऑनलाइन ऑर्डर न्यायला येणाऱ्यांचं काउंटर अगदी आत ठेवायचा मोह होतो, जाता-येता आणखी काही घेतील म्हणून. घाईतला माणूस त्याने वैतागतो. मध्यावर ठेवा, पाटी दारातून दिसेल अशी.

एका वेळी एकच बदल करा. मांडणी आणि सवलत एकदम आणलीत, तर विक्री कशाने वाढली ते कळणार नाही. तुलना सोमवारची सोमवारशी, सणाचा आठवडा वगळून.