चाळिशीत जलरंगाचं रीतसर शिक्षण : नोकरी सोडू का?

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे. गेली सोळा वर्षं हिशेब विभागात नोकरी करते. सहा वर्षांपासून व्हिडिओ बघून जलरंगात चित्रं काढतेय. घरचे, मैत्रिणी कौतुक करतात, पण वर्षभर माझं काम एकाच जागी अडकलंय असं मलाच जाणवतं. आता रीतसर शिकायचं आहे. चार वर्षांची कलापदवी घ्यायची तर नोकरी सोडावी लागेल. या वयात हे पाऊल टाकू का? तीन चित्रांचे फोटो सोबत पाठवतेय.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमची तिन्ही चित्रं मी मोठी करून, पुन्हा पुन्हा पाहिली. पदवी घ्यावी की नाही, याचं बरंचसं उत्तर त्यांतच आहे.

होडीचं चित्र घेऊ. आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, सुरेख उतरलाय. ओल्या कागदावर रंग सोडायचा आणि मग हात मागे घ्यायचा, हा धीर अनेकांना वर्षानुवर्षं येत नाही. तुम्हाला तो आलाय. आता होडीखालची सावली बघा. तिथे तुम्ही निदान तीनदा ब्रश फिरवलाय. पहिला थर अर्धवट वाळलेला असताना त्यावर पाणीदार रंग दिला, त्यामुळे कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटले. ते झाकायला आणखी एक थर आला आणि सावलीचा चिखल झाला. होडीच्या काठावर उन्हाची पांढरी रेघ असणार होती, तीही त्यात बुडाली. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागदच. तो आधीपासून राखावा लागतो, नंतर परत आणणं फार कठीण. सावली किती गडद हवी, हे ब्रश टेकवण्याआधी ठरलेलं नव्हतं, म्हणून पुढची सगळी धावाधाव झाली.

होडीचा पुढचा भागही जरा मुरगळल्यासारखा दिसतो. म्हणजे तुमचं अडलंय ते रेखाटनात आणि छायाभेदात, म्हणजे कुठे किती गडद, कुठे किती फिकं हे ठरवण्यात. रंग वाहता ठेवणं तुम्हाला जमतं. हे एवढ्या स्पष्टपणे सांगतेय, कारण बहुतेक प्रौढ विद्यार्थी ‘जलरंगाचं तंत्र’ शोधत वर्ग बदलत राहतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. व्हिडिओंनी तुम्हाला खूप दिलं, पण व्हिडिओतल्या शिक्षकाला तुमचा कागद दिसत नाही. रीतसर शिक्षणातून तुम्हाला मिळवायचं आहे ते हेच : तुमचा कागद दर आठवड्याला बघणारा जाणता डोळा.

आता पदवीबद्दल. चित्रकलेच्या पदवीत जलरंग हा बहुधा अनेक माध्यमांपैकी एक असतो. तेलरंग, अ‍ॅक्रिलिक, मुद्राचित्रण (ठशावरून चित्र छापणं), कलेचा इतिहास हे सगळं त्यात येतं. हे शिक्षण मोलाचं आहे, पण चार वर्षं ‘जलरंग शिकायला’ म्हणून गेलात तर निराश व्हाल. पुढे शाळेत किंवा महाविद्यालयात कला शिकवायची असेल तर रीतसर पात्रता लागते, मग पदवीचा विचार जरूर करा. तुमच्या पत्रात मात्र शिकवण्याचा उल्लेख कुठेच नाही. तुम्हाला चांगली चित्रं काढायची आहेत, आणि त्यासाठी मी आज तुम्हाला नोकरी सोडायला सांगणार नाही.

वयाची भीती काढून टाका. विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराने जलरंग गांभीर्याने हाती घेतला तो १८७३ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी. पुढे १८८१ मध्ये, पंचेचाळिशीत, तो इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या कलरकोट्स या मच्छीमारांच्या गावी गेला. तिथल्या मुक्कामात त्याचं काम पार बदललं. मात्र त्याआधी दीड-दोन दशकं तो साप्ताहिकांसाठी चित्रं काढत होता. म्हणजे जलरंगाकडे वळला तेव्हा रेखाटन त्याच्या हातात मुरलेलं होतं. तुमच्यासाठी मला त्याच्या वयापेक्षा हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

म्हणून पहिलं वर्ष संध्याकाळच्या किंवा शनिवार-रविवारच्या रेखाटनवर्गाला द्या : वस्तुचित्रण, यथार्थदर्शन (जवळचं-लांबचं अंतर कागदावर दाखवणं), जमलं तर समोर माणूस बसवून. त्याच्या जोडीला जलरंगाचा एक नियमित, लांब पल्ल्याचा वर्ग. दोन दिवसांच्या कार्यशाळा सध्या बाजूला ठेवा. तिथून एक देखणं चित्र घरी येतं, पण ते बरंचसं गुरुजींचं असतं. वर्ग निवडताना तिथल्या विद्यार्थ्यांचं काम बघायला मागा. सगळ्यांची झाडं, सगळ्यांचं आकाश शिक्षकांसारखंच दिसत असेल तर तिथे नक्कल शिकवली जाते, सरळ परत या. प्रात्यक्षिकानंतर शिक्षक प्रत्येकाच्या टेबलापाशी थांबतात का, घरी केलेलं काम तपासतात का, हेही विचारा. ऑनलाइन वर्गही चालेल, पण तुमच्या चित्रावर बोलणारं माणूस समोर हवं.

सामानात एकच गोष्ट बदला. तुमचा कागद फोटोतही फुगलेला दिसतोय. ३०० ग्रॅमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटनचा कागद वापरा. तो कमी फुगतो आणि ओलावा जास्त वेळ धरतो, त्यामुळे विचार करायला सवड मिळते. मोठा ताव घेऊन त्याचे तुकडे करा, म्हणजे महाग कागद वाया जाण्याच्या धास्तीने हात आखडणार नाही.

पैशांचंही बोलायला हवं. जलरंग चित्रकारांचं उत्पन्न बहुधा चित्रविक्री, शिकवणी, पुस्तकांसाठीची चित्रं, मागणीनुसार केलेली कामं असं मिळून बनतं, आणि ते दरमहा सारखं येत नाही. पगार चालू असेपर्यंत तुम्ही विकलं जाईल याचा विचार न करता चुका करू शकता. शिकणाऱ्याला याहून मोठी सवलत नाही. दोन वर्षांनी हातात वीस-पंचवीस दमदार चित्रं असतील आणि तरीही पदवीची ओढ असेल, तर प्रवेशाच्या वेळी दाखवायला पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक चित्रांचा संच, तयारच असेल. तेव्हा पुन्हा लिहा, आपण नव्याने विचार करू.

वर्ग सुरू होईपर्यंत महिनाभर पॅलेटमध्ये फक्त एक गडद तपकिरी रंग ठेवा, बर्न्ट अंबर किंवा सेपिया. आधी कोऱ्या कागदापासून सर्वांत गडद छटेपर्यंत पाच पायऱ्यांची पट्टी करा. जलरंग वाळला की फिका पडतो, म्हणून पट्टी पूर्ण वाळल्यावरच पारखा. मग समोरची वस्तू त्या पाच पायऱ्यांतच बसवा. शंका आली की वस्तूचा आणि चित्राचा फोटो कृष्णधवल करून शेजारी ठेवा. कुठे चुकलं ते लगेच दिसेल. रोज अर्धा तास पुरे.

महिन्याच्या शेवटी तीच होडी त्याच एका रंगात पुन्हा काढा. काठावरची पांढरी रेघ पेन्सिलीने आधी आखून घ्या आणि ब्रश तिच्या अलीकडेच थांबवा. मग जुनी आणि नवी होडी शेजारी ठेवून मला एकच फोटो पाठवा.