ज्वाळा विझतात, ओंडका विझत नाही

प्रश्न : अॅमेझॉनच्या जंगलात जाळ लावल्यावर ज्वाळा काही तासांत संपतात, मग धूर पुढे कित्येक दिवस कुठून येतो? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आडव्या पडलेल्या ओंडक्यांतून. ब्राझीलच्या रोंडोनिया, माटो ग्रोसो, पारा या राज्यांत कुरणासाठी जंगल साफ करतात. पाऊस सरला की, साधारण मे ते जुलैत, झाडं पाडायची, दोन-तीन महिने वाळू द्यायची आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पेटवायची, असा तिथला क्रम. एवढ्या काळात पाला, डहाळ्या आणि मनगटाएवढ्या फांद्या खडखडीत वाळतात. हात-दीड हात जाडीचं खोड मात्र आतून ओलंच राहतं. त्यामुळे पहिल्या जाळात जमिनीवरच्या एकूण लाकूडफाट्याचा निम्म्याहून कमी भाग जळतो. बाकीची खोडं वरून करपून तशीच पडून राहतात.

ज्वाळा म्हणजे तापलेल्या लाकडातून निघालेला वायू हवेत पेटणं. खोडाच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर साचला की तो आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. वायू कमी पडतो आणि ज्वाळा संपते. यापुढे जळतो तो खुद्द कोळसा. हवा त्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचते, तिथेच तो लाल होतो. त्या उष्णतेने मागचं लाकूड वाळतं, मग त्याचा कोळसा होतो, मग तोही धुमसतो. तापमान साधारण 500 ते 700 अंश सेल्सिअस असतं, पण सरकण्याचा वेग मुंगीचाही नव्हे. तासाला काही सेंटिमीटर झाला तरी पुष्कळ. आठवडाभर धूर का राहतो, याचं गणित एवढंच. आतून पोखरलेलं, ढोलीचं खोड असेल तर धुराड्यासारखी हवा ओढली जाते आणि ते ओंडक्यांतलं सर्वांत चिवट ठरतं.

प्रश्न : मग सगळेच ओंडके राख का होत नाहीत? काही तर अर्धवट जळून वर्षानुवर्षं कुरणात पडलेले दिसतात. – एक वाचक, पुणे

उत्तर : चूल पेटवणाऱ्याला हे ठाऊक असतं. एकटं लाकूड चुलीतून ओढून बाजूला ठेवलं की थोड्या वेळात काळं पडतं. तीन लाकडांची टोकं एकमेकांसमोर असली तर निखारा टिकतो. एकट्या ओंडक्याची धग चारी बाजूंनी आकाशात निघून जाते. दोन ओंडके एकमेकांवर आडवे पडले असतील, मध्ये बोट-दोन बोटं फट असेल, तर एकाची धग दुसऱ्याला मिळते आणि फटीतून हवाही खेळते. म्हणून खोडं जळतात ती मुख्यतः जिथे एकमेकांना भिडलेली असतात तिथेच.

तिथले शेतकरी न जळलेला लाकूडफाटा गोळा करून, ढीग रचून पुन्हा पेटवतात. या पद्धतीला ते 'कोइवारा' म्हणतात. पशुपालकांना एवढा खटाटोप लागत नाही. ते दर दोन-तीन वर्षांनी कुरण जाळतात, आणि उरलेले ओंडके प्रत्येक वेळी थोडे थोडे संपतात.

प्रश्न : धुमसण्याचा धूर ज्वाळेच्या धुरापेक्षा वाईट का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ज्वलन अपुरं राहतं म्हणून. कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड या दोन वायूंच्या रूपाने बाहेर पडणाऱ्या कार्बनपैकी ज्वाळेत साधारण 95 टक्के डायऑक्साइड होतो. धुमसताना हा वाटा 80 टक्क्यांच्या आसपास येतो, उरलेला मोनॉक्साइड. मिथेन आणि सूक्ष्म कणही जास्त निघतात. शिवाय धग कमी असल्याने धूर उंच चढत नाही. रात्री जमिनीलगतची हवा गार झाली की तो खोलगट भागात, वस्तीवर पसरून राहतो.

प्रश्न : उपग्रहावर हे ओंडके दिसतात का? – तेच वाचक

उत्तर : पुष्कळदा नाही. आग टिपणाऱ्या 'व्हीआयआयआरएस' या उपकरणाचा एक ठिपका 375 मीटरचा. त्यात चार-दोन चौरस मीटर निखारा, तोही राखेखाली! ज्वाळांचा दिवस नोंदला जातो, पुढचा आठवडा निसटतो. नकाशावरचे लाल ठिपके मोजून धुराचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रश्न : आमच्या डोंगरावर वणवा विझवला, ओंडक्यावर पाणीही ओतलं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तिथूनच पुन्हा पेटलं. काय चुकलं? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पाणी वरच्या राखेवरून आणि कोळशावरून ओघळून गेलं, भेगेतला निखारा कोरडाच राहिला. दुपारी वारा सुटला आणि त्याने पाल्याला आग दिली. आधी कुऱ्हाडीने किंवा कोयत्याने कोळशाचा थर खरवडून काढा, भेगा उघड्या करा. भिडलेले ओंडके पहारीने एकमेकांपासून दूर सारा. मग थोडं थोडं पाणी माती कालवत मारा. पाणी नसेल तर खरवडलेले निखारे उघड्या मातीत विखरून, माती घालून ढवळत राहा. ओंडका नुसता मातीत पुरू नका. कोळशाच्या भट्टीसारखा तो आत दिवसचे दिवस धुमसतो. उतारावरचा ओंडका उताराच्या दिशेने वर-खाली लावून खालच्या बाजूला चर खणा, नाहीतर तो जळत घरंगळेल आणि जाळरेषा (आग अडवायला साफ केलेला पट्टा) ओलांडेल.

शेवटी तळहात नव्हे, हाताची मागची बाजू लाकडाला न टेकवता जवळ नेऊन धग तपासा. ओंडक्याची खालची बाजू आणि मुळांचा बुंधा विसरू नका, लोक चुकतात ते तिथेच. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर पुन्हा एक फेरी मारा.