‘वकट, लेंड, मूंड’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आला आहे: विटीदांडूवरचे मुलांचे गाणे बसवताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू’ ही ओळ घ्यायची आहे. या शब्दांना अर्थ आहे की ते ‘अडम तडम तडतड बाजा’सारखे नुसते नादाचे आहेत? आणि हल्लीच्या मुलांना कळावे म्हणून त्यांच्या जागी ‘एक, दोन, तीन’ घातले तर चालेल का?

अर्थ आहे. हे तेलुगू आकडे आहेत, मराठी जिभेवर घासून गुळगुळीत झालेले. तेलुगूत एक म्हणजे ‘ओकटि’, दोन ‘रेंडु’, तीन ‘मूडु’, चार ‘नालुगु’. बोलताना तेलुगूत सुरुवातीच्या ‘ओ’ला ‘व’ची चाहूल लागते आणि ‘वोकटि’ ऐकू येते. त्याचा ‘वकट’ झाला. ‘रेंडु’तल्या र चा ल होऊन ‘लेंड’ झाला. ‘मूंड’मधला अनुस्वारही कुणी पदरचा घातलेला नाही, कारण जुन्या तेलुगू लेखनात तीनचा आकडा अर्धानुस्वारासह ‘मूँडु’ असाच लिहीत. कानडीचे नाव पुष्कळदा घेतले जाते, पण कानडीत एक ‘ओंदु’, दोन ‘एरडु’ आणि तीन ‘मूरु’. पहिल्या तीन शब्दांतच कानडी बाद होते. ‘नाल’ आणि ‘आर’ मात्र दोन्हीकडे बसतात, गोंधळ तिथूनच होतो. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे आजही तेलंगणाला लागून आहेत, तेव्हा आकडे सीमा ओलांडून आले यात नवल नाही.

खरी गंमत पाचव्या शब्दाशी आहे. ‘आरु’ म्हणजे सहा, पण खेळात दांडूने अंतर मोजताना ‘आर’ पाचव्या दांडूला म्हणतात. पाचाचा ‘ऐदु’ वाटेत कुठेतरी गळाला आणि पुढचे सगळे एकेक घर अलीकडे सरकले. म्हणून सहाव्या जागी ‘वेद’ आहे, तो सातच्या ‘एडु’शी जुळतो (बोलीत ‘येडु’, मग ‘वेद’). ऋग्वेदाशी त्याचा काही संबंध नाही. तसाच ‘नाल’चा घोड्याच्या नालेशी नाही, ‘मूंड’चा मुंडणाशी नाही आणि ‘लेंड’चा शेळीच्या लेंडीशीही नाही. सातवा ‘झकू’ हा आकडाच नव्हे. सात पुरे झाल्याची ती आरोळी. काही गावांत ‘झंकू’ किंवा ‘झक्कू’ म्हणतात, आणि ‘वेद’च्या जागीही वेगळे शब्द ऐकू येतात. पहिले चार मात्र फारसे हलत नाहीत.

आता ‘एक, दोन, तीन’चा प्रश्न. इथे पटकन उत्तर दिले जाते की जुन्या शब्दांना लय आहे, आकड्यांना नाही. हे चूक आहे. मात्रा मोजा: वकट तीन, लेंड तीन, मूंड तीन, नाल, आर, वेद, झकू, प्रत्येकी तीन. आणि एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात? तेही प्रत्येकी तीनच. लयीच्या हिशेबाने दोन्ही माळा सारख्याच. जुने शब्द टिकले ते मोजण्याच्या रीतीमुळे.

टोला मारला की विटी पडेल तिथपासून गल्लीपर्यंतचे (जिथून विटी उडवतात त्या जमिनीतल्या खळीपर्यंतचे) अंतर दांडू पालथा टाकत मोजायचे आणि दर दांडूला एक शब्द मोठ्याने म्हणायचा. सात झाले की पुन्हा ‘वकट’पासून. चोवीस दांडू भरले तर तीन झकू आणि वर मूंड. शेवटी जो शब्द येईल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा ते ठरते. वकट आला तर विटी पायाच्या चवड्यावर ठेवून उडवायची, बाकीच्या जागा आणि पद्धती गावोगाव वेगळ्या. म्हणजे इथे दोन मोजण्या एकत्र चालतात: किती झकू झाल्या, आणि टोला कोणता. दोन्हींना ‘तीन’ म्हटले तर भांडण ठरलेले. टोल्याचे नाव वेगळे ठेवले की प्रश्न मिटतो. मोठ्याने म्हणण्याचे कारणही हेच. मोजणाऱ्याने दांडू पुढे घसरवला किंवा मध्ये एखादा शब्द खाल्ला की टोलाच बदलतो, आणि समोरचे भिडू त्यासाठीच कान देऊन उभे असतात.

तेव्हा गाण्यातले शब्द बदलू नका. ‘एक, दोन’ घातले तर ते कोणत्याही मोजणीचे गाणे होईल, विटीदांडूचे राहणार नाही. एकनाथांनी भारुडांत फुगडी, पिंगा, हुतूतू घेतले ते खेळाच्या भाषेसकट, अध्यात्म सांगायचे असूनही.

चाल लावताना एक अडचण येईल. तीन-तीन मात्रांचे दोन शब्द म्हणजे दादऱ्याचे, म्हणजे सहा मात्रांच्या तालाचे, एक आवर्तन (एक फेरा). पहिल्या सहा शब्दांत तीन आवर्तने भरतात आणि ‘झकू’ चौथ्या आवर्तनात एकटाच उरतो. नवखे संगीतकार तिथे ‘झकू झाली’ घालतात, मग सात मात्रा होऊन ठेका घसरतो. त्यापेक्षा ‘झकू’नंतरच्या तीन मात्रा मोकळ्या सोडा, मुलांना टाळी मारू द्या. ‘झंकू’ हे रूप घेतले तर चार मात्रा होतात, मग मोकळ्या दोनच ठेवा. ‘मूंड’ लिहा की ‘मुंड’, अनुस्वारामुळे पहिले अक्षर दोन्हीकडे गुरूच, मात्रेत फरक पडत नाही. पुढची ओळही याच मापात बसते:

वकट लेंड मूंड नाल
उडव विटी, राख ताल

दोन्ही ओळी बाराच्या. ‘वकट’ म्हणताना मात्र ‘व-कट’ असे म्हणवून घ्या. शहरातली मुले पहिल्या वाचनात ‘विकट’ म्हणतात, आणि मात्रा तीनच राहत असल्यामुळे ही चूक ठेक्यात पकडली जात नाही.